प्लगमागचा विचार : डेम कॅरोलिन हॅस्लेट यांचे जीवनकार्य

वसई, विशेष प्रतिनिधी

वसईच्या किल्ल्याजवळ, खाडीच्या मुखाशी वसलेले पाचूबंदर हे कोळ्यांचे गाव. किनाऱ्याला लागलेल्या बोटी, दुरुस्तीसाठी पसरलेली जाळी आणि उन्हात वाळणारी मासळी हे येथील नित्याचे दृश्य. एकेकाळी कंदिलाच्या आधाराने समुद्रात जाणाऱ्या बोटींवर आता बॅटरी असते आणि तिच्यावर दिवे, वायरलेस व जीपीएस चालतात. वसईच्या किनारपट्टीला समुद्र आणखी एका वाटेने अन्न देतो. ती वाट म्हणजे मालवाहू आणि प्रवासी जहाजांवरील नोकरीची. घरातला मुलगा सात-आठ महिन्यांच्या करारावर निघाला, की बॅग भरण्याचा सोहळा सुरू होतो. पासपोर्ट, सीडीसी, औषधे, मसाल्याची पुडी, सुक्या मासळीचे पाकीट आणि आता न चुकता एक ॲडॉप्टर.

हा ॲडॉप्टर का लागतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जहाजावरील केबिनमध्ये सॉकेट मोजकेच असतात आणि त्यांची जात जहाज कोणत्या बाजारपेठेसाठी बांधले गेले त्यावर ठरते. अमेरिकी प्रवाशांसाठी बांधलेल्या जहाजांवर सुमारे ११० व्होल्टचा, दोन चपट्या पिनांचा सॉकेट असतो आणि त्याच्या शेजारी बहुधा २२० व्होल्टचा, दोन गोल पिनांचा युरोपीय सॉकेट असतो. ब्रिटिश प्रवाशांसाठी चालविल्या जाणाऱ्या जहाजांवर तीन आयताकृती पिनांचा सॉकेट आढळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून पर्यटन फेऱ्या सुरू करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाजसुद्धा १९९० साली फ्रान्समध्ये एका अमेरिकास्थित कंपनीसाठी बांधले गेले होते. भारतीय घरातील तीन गोल पिनांचा प्लग अशा ठिकाणी उपरा ठरतो आणि मग ॲडॉप्टरची शोधाशोध सुरू होते.

या सर्व प्रकारांत तीन आयताकृती पिनांचा ब्रिटिश सॉकेट विशेष विचार करून घडविलेला आहे. दुबई, सिंगापूर वा हाँगकाँगला नोकरी केलेल्या वसईकरांना तो चांगला परिचित आहे. त्याच्या खालच्या दोन छिद्रांवर आतून झडप असते. वरच्या छिद्रात लांब पिन शिरल्याशिवाय ती उघडत नाही. लहान मुलाने छिद्रात तार वा खिळा घातला, तरी त्याचा विजेशी स्पर्श होऊ नये यासाठी ही योजना. ज्या समितीने ती आखली, तिच्या वीस सदस्यांत एकच स्त्री होती. तिचे नाव कॅरोलिन हॅस्लेट. विजेच्या तारा घरात आल्या तेव्हा त्या कोणाच्या हाताला लागणार आहेत, हा प्रश्न या बाईंनी आयुष्यभर अभियंत्यांपुढे ठेवला.

सिग्नल कामगाराची कन्या

कॅरोलिन हॅस्लेट यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील वर्थ या गावी झाला. वडील रॉबर्ट हॅस्लेट हे रेल्वेत सिग्नल बसविण्याचे व दुरुस्तीचे काम करीत आणि सहकारी चळवळीतही उत्साहाने भाग घेत. घर सामान्य, पण विचारांची हवा मोकळी. हातात हत्यारे घेऊन काम करणारा बाप आणि चार माणसांनी एकत्र येऊन काही उभे करावे ही त्याची श्रद्धा, या दोन्ही गोष्टी मुलीच्या अंगी पुढे उतरलेल्या दिसतात.

शालेय शिक्षण हेवर्ड्स हीथ येथे झाले. त्यानंतर लंडनला जाऊन त्यांनी सचिवीय कामाचे शिक्षण घेतले. मध्यमवर्गीय मुलीला त्या काळी जे मोजके व्यवसाय खुले होते त्यांपैकी हा एक. याच सुमारास स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी ब्रिटनमध्ये जहाल आंदोलन सुरू होते आणि तरुण कॅरोलिन त्यात सामील झाल्या. पुढे त्यांनी घोषणांपेक्षा कामाचा मार्ग धरला. पण स्त्रीला तिचा हक्क मिळाला पाहिजे, हा त्या आंदोलनातून मिळालेला धडा त्या विसरल्या नाहीत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या कॉक्रन या बॉयलर बनविणाऱ्या कंपनीच्या लंडन कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाल्या. १९१४ साली युद्ध सुरू झाले आणि पुरुष कामगार आघाडीवर गेले. कारखान्यांची दारे स्त्रियांसाठी उघडली, ती उदारतेने नव्हे, तर निरुपायाने. कॅरोलिन यांच्यावर लंडन कार्यालयाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आली. पण बॉयलर विकायचे तर तो कसा चालतो हे कळले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी कारखान्यात काम शिकण्याची परवानगी मिळविली आणि स्कॉटलंडमधील ॲनन येथील कंपनीच्या कारखान्यात अभियांत्रिकीचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. कार्यालयातील टेबलावरून कारखान्यात जाण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला.

जहाजाच्या टर्बाइनशी नाते

युद्ध संपले आणि जी दारे निरुपायाने उघडली होती ती पुन्हा बंद होऊ लागली. १९१९ च्या कायद्याने युद्धपूर्व कामगार पद्धती पूर्ववत करण्यात आली. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की लेथवर आणि जोडणीच्या बाकावर उभ्या असलेल्या असंख्य स्त्रियांनी आता घरी जावे. ज्यांनी चार-पाच वर्षे यंत्रे चालविली त्यांचे कौशल्य एका कायद्याने निरुपयोगी ठरविले.

याविरुद्ध उभे राहिलेल्यांत लेडी कॅथरीन पार्सन्स आणि त्यांची कन्या रेचेल या प्रमुख होत्या. हे घराणे विजेच्या आणि जहाजांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. कॅथरीन यांचे पती सर चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेच्या टर्बाइनवर चालणारे विद्युत जनित्र तयार केले. जहाजावर दिवे लावण्यासाठी अशी छोटी, वेगवान जनित्रे सोयीची ठरली. १८९७ साली त्यांच्या ‘टर्बिनिया’ या छोट्या जहाजाने ब्रिटिश आरमाराच्या संचलनात आपला वेग दाखवून सर्वांना थक्क केले आणि त्यानंतर मोठी प्रवासी जहाजे टर्बाइनवर चालू लागली. अमेरिकेत ‘कोलंबिया’ या जहाजावर एडिसनचे विजेचे दिवे १८८० सालीच लागले होते. केबिनमध्ये वीज येण्याची कथा ही अशी घरातल्या विजेच्या कथेइतकीच जुनी आहे.

२३ जून १९१९ रोजी पार्सन्स मायलेकी आणि त्यांच्या सहकारी यांनी ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. तिच्या सचिवपदासाठी निवड झाली ती तेवीस वर्षांच्या कॅरोलिन हॅस्लेट यांची. संस्थेच्या ‘द वुमन इंजिनिअर’ या नियतकालिकाच्या त्या पहिल्या संपादक झाल्या. नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलींना कारखान्यांत उमेदवारी मिळवून देणे, मालकांना पत्रे लिहिणे, व्याख्याने घडवून आणणे हे सारे काम त्यांनी केले. १९२५ साली वेम्बली येथे विज्ञान, उद्योग आणि व्यापार या क्षेत्रांतील स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या संयोजनातही त्या अग्रभागी होत्या.

घर हेच प्रयोगस्थान

स्त्री अभियंत्यांची संख्या मोजकी होती. परंतु घर चालविणाऱ्या स्त्रिया कोट्यवधी होत्या आणि त्यांची अवस्था कॅरोलिन यांना अधिक अस्वस्थ करीत होती. कोळशाची बादली जिन्यावरून वर नेणे, राख काढणे, पाणी तापवणे, कपडे उकळून धुणे, निखाऱ्यावर तापवलेली इस्त्री फिरवणे. यात स्त्रीचा दिवस आणि आरोग्य दोन्ही खर्ची पडत. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरलेल्या आणि डोक्यावर हंडे वाहिलेल्या आपल्याकडील स्त्रियांना याचा वेगळा खुलासा करण्याची गरज नाही. हे कष्ट विजेने हलके होऊ शकतात, असा कॅरोलिन यांचा ठाम विश्वास होता.

नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन’ ही संस्था स्थापन झाली. तिची मूळ कल्पना मेबल मॅथ्यूज या अभियंत्या महिलेची. इतर संस्थांनी ती नाकारली असताना कॅरोलिन यांनी ती उचलली आणि १९५६ पर्यंत त्या या संस्थेच्या संचालिका राहिल्या. संस्थेच्या शाखा देशभर पसरल्या आणि सभासदांची संख्या हजारांवर गेली. फ्यूज उडाला तर तो कसा बदलावा, मीटर कसे वाचावे, प्लगमध्ये कोणती तार कोठे जोडावी, ओल्या हाताने स्विचला का स्पर्श करू नये, हे गृहिणींना, शिक्षिकांना आणि शाळकरी मुलींना शिकविले जाई. १९३४ साली कॅरोलिन यांच्या संपादनाखाली स्त्रियांसाठी विजेवरील एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३५ साली संस्थेच्या ब्रिस्टल शाखेने संपूर्ण विजेवर चालणारे एक घर बांधून लोकांना दाखविले.

या कार्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. स्त्रियांना वीज समजावून सांगणे एवढ्यावर कॅरोलिन थांबल्या नाहीत. स्त्रियांना काय हवे ते त्या वीज उद्योगालाही समजावून सांगत. स्वयंपाकघरात सॉकेट किती उंचीवर असावा, एका खोलीत किती असावेत, शेगडीची बटणे कोठे असावीत, याची उत्तरे आतापर्यंत नकाशा काढणारा पुरुष देत असे. ज्यांनी त्या बाकापाशी दिवसाचे आठ-दहा तास उभे राहायचे त्यांना कोणी विचारीत नसे. कॅरोलिन यांनी हे विचारण्याची पद्धत पाडली. १९३० साली बर्लिन येथे भरलेल्या जागतिक ऊर्जा परिषदेत त्या ब्रिटनच्या प्रतिनिधी होत्या. १९३१ साली त्यांना ‘सीबीई’ हा सन्मान मिळाला आणि पुढील वर्षी विद्युत अभियंत्यांच्या ब्रिटनमधील प्रमुख संस्थेने त्यांना आपल्या ‘कंपॅनियन’ श्रेणीत घेतले. त्या श्रेणीतील त्या पहिल्या महिला.

झडपेचा प्रश्न

ब्रिटनमधील घरांत तोवर प्लगांचा मोठा गोंधळ होता. २, ५ आणि १५ ॲम्पिअरचे निरनिराळ्या आकारांचे गोल पिनांचे प्लग, काही दोन पिनांचे, काही तीन पिनांचे. एका घरातील इस्त्री दुसऱ्या घरात चालेलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी तर बल्बच्या होल्डरमधून वायर ओढून इस्त्री चालविली जाई. आपल्याकडेही हा प्रकार अनेकांनी घरी पाहिला असेल. १९३४ साली गोल पिनांसाठी ‘बीएस ५४६’ हे प्रमाणक आले, पण आकारांची विविधता त्याने संपली नाही.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, युद्धोत्तर ब्रिटनमध्ये नव्याने बांधावयाच्या घरांत वीजजोडणी कशी असावी याचा विचार करण्यासाठी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९४२ साली समिती नेमली. बॉम्बहल्ल्यांनी लक्षावधी घरांची पडझड झाली होती, तांब्याचा तुटवडा होता आणि पुनर्बांधणी वेगाने करावयाची होती. या समितीतील एकमेव महिला सदस्य म्हणजे कॅरोलिन हॅस्लेट.

समितीचा अहवाल १९४४ साली आला. तांबे वाचविण्यासाठी एकाच वर्तुळाकार वायरीवर अनेक सॉकेट बसवावेत, सर्व उपकरणांना एकच प्लग असावा आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज असावा, अशी रचना त्यातून पुढे आली. फ्यूज प्लगमध्ये घालण्याचे कारण उघड होते. मुख्य वायर मोठा प्रवाह वाहणारी असल्याने टेबलावरच्या दिव्याच्या बारीक वायरीचे रक्षण तिच्या मोठ्या फ्यूजने होणार नव्हते. याखेरीज लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटच्या छिद्रांवर झडप असावी, ही अट घालण्यात आली. गृहसुरक्षेचा प्रश्न दोन दशके लावून धरणाऱ्या कॅरोलिन यांच्या समितीतील उपस्थितीचा हा ठसा मानला जातो. समितीचे काम हे अनेकांचे काम असते आणि त्याचे सारे श्रेय एका व्यक्तीला देणे योग्य नव्हे. परंतु जमिनीवर रांगणाऱ्या मुलाचे बोट कोठपर्यंत पोहोचते, हे त्या खोलीत सर्वांत आग्रहाने कोण सांगू शकत होते, हे ओळखणे कठीण नाही.

१९४७ साली ‘बीएस १३६३’ हे प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि १३ ॲम्पिअरचा, तीन आयताकृती पिनांचा प्लग अस्तित्वात आला. त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. ब्रिटिशांच्या काळात येथे झालेली वीजजोडणी जुन्या गोल पिनांच्या पद्धतीची होती आणि पुढे भारतीय प्रमाणकांनीही तीच परंपरा चालू ठेवली. म्हणून आपल्या घरी आज ६ आणि १६ ॲम्पिअरचे गोल पिनांचे सॉकेट दिसतात. ब्रिटनने जुना प्लग मागे टाकला आणि आपण तो जपला. लंडनला जाणाऱ्या मुंबईकराला ॲडॉप्टर लागतो याचे मूळ येथे आहे. भारतीय पद्धतीचे झडपवाले सॉकेटही आता बाजारात मिळतात. लहान मूल असलेल्या घरात तेच बसवून घेणे शहाणपणाचे.

जहाजाला दिलेले नाव

१९४७ हे वर्ष कॅरोलिन यांच्यासाठी सन्मानाचे ठरले. त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. ब्रिटनमधील वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन स्थापन झालेल्या ब्रिटिश वीज प्राधिकरणावर त्यांची सदस्य म्हणून नेमणूक झाली. आपल्या जन्मगावाच्या परिसरात उभ्या राहात असलेल्या क्रॉली या नव्या शहराच्या विकास महामंडळातही त्यांनी काम केले. १९५० साली व्यावसायिक स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

वीज प्राधिकरणाकडे वीजकेंद्रांसाठी कोळसा वाहून नेणाऱ्या जहाजांचा ताफा होता. त्यातील एका जहाजाला ‘डेम कॅरोलिन हॅस्लेट’ असे नाव देण्यात आले. कोळशाच्या बादल्यांतून बायकांची सुटका व्हावी म्हणून झटलेल्या स्त्रीचे नाव कोळशाच्याच जहाजाला मिळाले. पण त्यात विसंगती नाही. एका ठिकाणी जळणाऱ्या त्या कोळशामुळे हजारो घरांतील बादल्या खाली ठेवल्या जात होत्या.

प्रकृती खालावल्याने १९५६ साली त्या निवृत्त झाल्या आणि सफोकमधील बंगे येथे बहिणीच्या घरी राहू लागल्या. तेथेच ४ जानेवारी १९५७ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. आपले दहन विजेवर व्हावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदविली होती. त्यांनी उभारलेली महिलांची विद्युत संघटना १९८६ साली विसर्जित झाली. स्त्री अभियंत्यांची संस्था मात्र आजही कार्यरत आहे.

ॲडॉप्टर घेताना

कॅरोलिन यांच्या कार्याचा आजच्या प्रवाशाशी संबंध नेमका येथे येतो. ॲडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. ते दोन्ही प्रकारच्या सॉकेटवर चालतात. केस वाळविण्याचे यंत्र वा पाणी तापविण्याची कॉइल अशी लवचिक नसते. शिवाय इस्त्री, कॉइल यांसारख्या तापणाऱ्या वस्तू केबिनमध्ये वापरण्यास जहाज कंपन्या सहसा मनाई करतात. समुद्रात आग लागली तर पळण्यास जागा नसते, हे त्यामागचे कारण.

जहाजावरील वीज घरच्यासारखी नसते, ही बाब तर फार थोड्यांना ठाऊक असते. घरात दोन तारांपैकी एक न्यूट्रल असते आणि ती जमिनीशी जोडलेली असते. अनेक जहाजांवर वीजव्यवस्था पोलादी सांगाड्यापासून अलिप्त ठेवतात आणि दोन्ही तारांत वीज असते. घरगुती सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड अशा ठिकाणी तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. बॅगेत असा बोर्ड सापडला तर जहाजावर तो काढून घेतला जातो. त्यामागे सुरक्षा कर्मचाऱ्यांचा हट्ट नसतो. सर्ज प्रोटेक्टर नसलेला छोटा यूएसबी चार्जर नेणे हा सोपा उपाय.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा चार्जर जात नाही, म्हणून वरच्या छिद्रात पेन खुपसून झडप उघडण्याची युक्ती आखातात राहणारे अनेक जण करतात. काम होते, पण चार्जर सैल बसतो, तापतो आणि लहान मुलांसाठी केलेली सोय एका पेनाने निकामी होते. दहा वेळा केलेली युक्ती घरातले मूलही पाहते आणि शिकते.

पाचूबंदरच्या घरातून बॅग बाहेर पडते तेव्हा आई सुक्या मासळीचे पाकीट पुन्हा एकदा दाबून पाहते. बॅगेच्या कोपऱ्यातील ॲडॉप्टरकडेही एक नजर टाकावी. पिना घट्ट आहेत का, अर्थिंगची पिन खरी आहे की नुसती प्लास्टिकची, त्यात फ्यूज आहे का, एवढे पाहण्यास विद्युत अभियंता असावे लागत नाही. घरातील बाईला हे कळू शकते आणि कळले पाहिजे, हेच कॅरोलिन हॅस्लेट आयुष्यभर सांगत होत्या.